उकळून प्यावे

३ मे, शनिवार
अर्धापूरच्या केळीवाल्याची पोरगी समुद्रातल्या प्लवकांवर संशोधन करते, म्हणून गाव सहा वर्षं हसलं. आता आणखी हसेल, कारण नोकरी लागली ती रेणापूरच्या पुढे, बोरजाईच्या पाणीपुरवठा केंद्रात. पण मी खूश आहे. सूक्ष्मदर्शक नवा आहे आणि घरमालकीण कमलम्मा लाखात एक. दारातच गूळ-पाणी दिलं. मला परगावचं पाणी बाधतं, म्हणून माझ्यासाठी उकळत चला, असं मी तिला हळूच सांगितलं. केंद्राच्या भिंतीवरही तेच रंगवलंय: पाणी उकळून व गाळून प्यावे.

९ मे
तलाव हिरवागार. नमुन्यात फॉस्फेट भरपूर, नायट्रेट नावाला. समुद्र असो की तलाव, पाण्यात काय विरघळलंय त्यावर कोण माजणार ते ठरतं. इथे हवेतला नत्र पचवणारं निळं-हिरवं शेवाळ माजलंय, तेही विषारी जातीचं. नसांवर जाणारं विष. पेशी शाबूत असली की ते तिच्यासकट गाळणीत अडकतं. आमचे अभियंता अमृतराव यांना बजावलं, शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका. पेशी फुटतील, विष पाण्यात उतरेल.

१२ मे
अमृतराव हसले. "मॅडम, लई शिकलाव तुमी. लोकान्ला हिरवं पानी चालत न्हाई." दोन पोती मोरचूद टाकून मोकळे झाले. माझी पदवी गेली चुलीत.

१४ मे
पाणी काचेसारखं नितळ. अमृतरावांनी पेलाभर पिऊन फोटो काढून घेतला. भिंगाखाली नुसती फुटकी टरफलं. पुरवठा बंद करा म्हटलं, तर फुकटचा घोर लावू नका म्हणाले. कमलम्माला सांगितलं, नळाचं नको, बोअरचंच भरा. हो म्हणाली. बोअरचं पाणी बरंच गोड लागलं. तहान होती, प्यायले.

१७ मे
ओठांना मुंग्या. कमलम्माच्या हातून तांब्या दोनदा पडला. वय झालं म्हणते. बोअरचं पाणी खारं असायला हवं ना? तांब्यातलं तपासलं. नळाचं आहे.

१८ मे
विचारलं तर रडायलाच लागली. पाहुण्याला खारं पाणी कसं द्यायचं, म्हणून नळाचंच — "तूच म्हन्ली व्हतीस नं माय, उकळत जा म्हनून. म्या तर निम्मं व्हईस्तोर आटवलं."
निम्मं. उकळून हे विष मरत नाही, दाटतं. एवढं एक वाक्य मी तिला सांगितलं नाही. मीच —

१९ मे
कमलम्मा उठत नाही. डोळे तेवढे हलतात. अमृतरावांचा फोन बायकोने उचलला, साहेबांची जीभ जड — गाडी पाठवते म्हणाली. आली नाही.
बोटं वळत नाहीत. दारापर्यंत पाय —
रस्त्यावर पाणीपुरवठ्याची रिक्षा. भोंगा. लोक आजारी पडतायत, घाबरू नका म्हणतोय. थांबवा त्याला, कुणीतरी — म्हणतोय, सगळ्यांनी पाणी चांगलं वीस मिनिटं उक