नावेची बेंबी

ताना बेरु, ता. २ मे १९६८

चि. नुरहाएदा हिला आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तसं नाही. हाजी सानुसींची नाव उद्या पाण्यात जायची होती, ती आता पुनवेच्या भरतीवर ढकलली आहे. नाव लोटण्याआधी तिच्या तळच्या कण्यात ऐन मध्यावर बेंबीचं भोक पाडायचं, त्याची जागा काढायला परवा बाबांनी आजोबांचा दोर बाहेर काढला. कण्याच्या टोकापासून टोकापर्यंत ताणला, खुणा केल्या, दुमडला, दुमडीवर सुतळी बांधली आणि परत ताणून कण्यावर खडूने फुली मारली. चाळीस वर्षं करताहेत तसंच. तेवढ्यात हाजींच्या जावयाने पोलादी टेप लावली. तिचा मध्य तीन बोटं अलीकडे.

हाजी गोडच बोलले, पण बोलायचं ते बोललेच. बेंबी सरकलेल्या नावेवर खलाशी पाय ठेवायचे नाहीत, यंदा भोक पाडायला जुमादीने गिरमिट धरलं तर कसं, असं विचारलं. जुमादी म्हणजे आपलाच पुतण्या, तो बिचारा मान खाली घालून उभा. बाबा म्हणाले, टेप खोटं बोलते. तेव्हापासून ताटातला मासासुद्धा उलटत नाहीत, अर्धाच खाऊन उठतात. गिरमिट हातातून गेलं तर हा माणूस खचेल गं.

तू शाळेत हेच शिकवतेस ना, रेघांचे मध्य काढायला? मग काहीतरी सुचव. आणि दोराचा एखादा तुकडा बदलला तर काही बिघडतं का? सहज विचारते.

जेवत जा. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरात दिसावा.
तुझी आई

मकास्सर, ता. ५ मे १९६८

ती. आईस एदाचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मला वर्गात बसवेना. मुलींना घेऊन अंगणात गेले आणि बाबांसारखा दोर दुमडून फळीचा मध्य काढला. जुना दोर घेतला, बरोबर आला. नवा घेतला, बरोबर. भिजवून घेतला, तरी बरोबर, कारण दोर ताणला तर दोन्ही अर्धी सारखीच ताणली जातात. म्हणजे बाबांची पद्धत खोटी नव्हे. टेपही खोटं कशाला बोलेल? मग गंमत म्हणून अर्धा जुना आणि अर्धा नवा काथ्या जोडला. हातात दुमडला तेव्हा दोन्ही भाग सारखे, ओढून ताणला की नवा भाग लांब. मध्य सरकलाच. मुलींना इतका आनंद झाला की मुख्याध्यापक बाहेर आले. तेव्हा आई, दोराचं वय सगळीकडे एकच आहे का, ते तू बघ. तुझं ते ‘सहज’ मला फारसं सहज वाटलं नाही.

उपाय सोपा आहे. कण्याच्या दोन्ही टोकांशी खुंट्या ठोकायच्या. निम्म्या कण्याहून थोडा जास्त दोर घ्यायचा, एका खुंटीला धरून नावेखालच्या टेकूंमधून फिरवायचा आणि कण्याच्या दोन्ही अंगांना वाळूत कमानी काढायच्या. मग तोच दोर, तेवढाच, दुसऱ्या खुंटीवरून. कमानी दोन ठिकाणी एकमेकींना छेदतील. त्या दोन ठिकाणांमध्ये सुतळी धरली की ती कण्याला ऐन मध्यावर ओलांडते. दोर किती लांब, किती जुना, कशाशी देणंघेणं नाही. दोन्हीकडून तोच असला म्हणजे झालं. कोनाचे दोन भागही आम्ही अशाच कमानींनी करतो. असं का होतं, हे मुली रोज विचारतात आणि मला रोज सांगावंसं वाटतं.

बाबांना सलाम. माया कमी होऊ देऊ नये.
तुझी एदा

ताना बेरु, ता. ८ मे १९६८

चि. एदास आशीर्वाद, वि. वि.

मास्तरीणबाई, तुमच्यापुढे काही लपत नाही. मागच्या महिन्यात बकरी सुटून शेजारच्या मक्यात शिरली, तिला बांधायला हाताशी दुसरं काही नव्हतं. आजोबांच्या दोराचा तिसरा हिस्सा मी कापला. मागाहून भान आलं, तेव्हा नवा काथ्या जोडला आणि राख चोळून काळा केला. काळा झाला की जुना झाला, एवढीच माझी अक्कल. बकरीने तो तुकडाही खाल्ला. यांना सांगायला तोंड उघडत नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं, पण अंगणातली हकिकत गाळली, नुसता उपाय वाचला. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. निम्म्याहून थोडाच जास्त दोर पुरतो ना, एवढंच विचारलं. पण त्या दिवशी जेवले.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लोभ धरून रागाव.
तुझी आई

ताना बेरु, ता. १३ मे १९६८

चि. एदास बाबांचे आशीर्वाद, वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे जपून ठेव. काल नाव पाण्यात गेली. सकाळी तू सांगितल्याप्रमाणे कमानी काढल्या. मग सुतळी धरली. टेपेच्या खुणेवरच ती पडली, केसाचाही फरक नाही. हाजींचा जावई वाळूत उकिडवा बसून त्या कमानींकडे किती वेळ बघत राहिला. त्याला कारण हवं होतं, तुझा पत्ता दिला आहे.

हाजींनी विचारलं, मग आधीची फुली चुकली कशी? मी म्हटलं, माझे डोळे चुकले. लोकांनी मान्य केलं, वय दिसतंच आहे. ही एवढी बेंबी हाजींनी मलाच पाडू दिली. पुढच्या नावेपासून गिरमिट जुमादीकडे. हात चांगला आहे त्याचा.

तुला म्हणून सांगतो, डोळे ठीक आहेत. सुईत दोरा मीच ओवतो. त्या दिवशी ताणताना नवा काथ्या बोटांना कळला होता आणि जोडावरची गाठही ओळखली होती. चाळीस वर्षं माझ्या सदऱ्यांची बटणं त्याच गाठीने लागतात. पण तेव्हाच टेप पुढे आली. शंभर माणसांसमोर, दोर बायकोने कापला, असं कसं म्हणणार? म्हणून म्हटलं, टेप खोटं बोलते. तुझा उपाय आला तेव्हा जिवात जीव आला, जुना भाग तेवढ्याला पुरत होता, जोड कोणाला दिसायला नको.

आईला वाटतं, मला काही माहीत नाही. तिला तसंच वाटू दे.

तुझे बाबा