अनुजाच्या नावानं

नेहरू नगर, भिलाई
१० फेब्रुवारी २०२५

ती. प्रेमलाताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. तुझे मेसेज सूनबाई भूमिका वाचून दाखवते, आणि ही गोष्ट तिच्या कानी पडायला नको. पाकीट तूच फोड.

इकडे सर्व कुशल लिहायची सवय आहे, पण कुशल नाही. सहा दिवस मी घरात नुसता फेऱ्या मारून राहिलो. काल स्कूटरवर दोनदा सिव्हिक सेंटरला गेलो, काही न घेता परत आलो. अनुजाचा फोन नाही. पुण्याहून पोरगी रोज सकाळी आठला ऑफिसला निघता निघता करते, तुला ठाऊक आहे. शेवटचा मंगळवारी आला.

कारण मीच आहे. दिवाळीत तिनं माझ्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं होतं. ती गेली, ते उघडंच राहिलं. पहिल्या दिवशी मी चुकून वाचलं. दुसऱ्या दिवशी चुकून नाही. मग रोज चहा घेऊन बसायचो. मैत्रिणींशी काय बोलली, डब्यात काय होतं, कोणावर चिडली, सारं वाचायचो. अनुजाची आई गेल्यापासून तीन वर्षांत घरात एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

त्यात सुजय नावाचा एक मुलगा यायला लागला. मंगळवारी दुपारी त्यानं तिला विचारलं, घरी सांगितलंस का. दोन तास तिचं उत्तर नाही. स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं मी शिफ्टची नोंदवही लिहिली. आधीच्या शिफ्टवाला काही अर्धवट ठेवून गेला, तर पुढच्यानं त्याच्या वतीनं ते पुरं करायचं, असा आमचा रिवाज. माझा हात तसाच चालला. तिच्या नावानं लिहून टाकलं, की घरी सांगण्यासारखं काही नाही, यापुढे आपण संपर्क ठेवू नये ही विनंती. पाच मिनिटांत कॉम्प्युटरवरचं सगळं बंद झालं.

हात चालला असं लिहिलं खरं, पण ताई, ती भीती होती. पोरगी आता कायमची परकी होईल, याची. फोन कोणत्या तोंडानं करू? गप्प बसू की कबूल करू, ते कळव.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा,
नरहरी


तुमसर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. नरहरी यास,
अ. उ. आ.

पाकीट मीच फोडलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. भूमिका विचारत होती, मामाजी काय म्हणतेत. म्हटलं, पोट बिघडलं त्यायचं.

साठी उलटली तुही, अन् हे काय करून बसला? तुले आठवते का, परागच्या वेळी मी बाळंतपणाले माहेरी होती. तुह्या भाऊजीची पत्रं बाबा आधी फोडत अन् भाताच्या शितानं चिकटवून मले देत. म्हणत, घरची पोर आहे, तिचं आपल्यापासून लपवाचं काय. मी रडली, तर तू कॉलेज बुडवून नाक्यावर पोस्टमनची वाट पाहत उभा राहाचा अन् बंद पाकीट माह्या हाती आणून द्याचा. त्यापायी बाबाशी भांडला, दोन दिवस जेवला नाही. तो नरहरी कुठी गेला रे?

अन् बाबांनी निदान माह्या नावानं उत्तर तर नाही लिहिलं.

गप्प बसू नको. फोनही करू नको. फोनवर तू पहिले चूक कबूल करशील, मग तिलेच उपदेश देशील, मी काय ओळखत नाही तुले? कागदावर लिही, सारं लिही. फक्त पोरी, तुह्या भल्यासाठी केलं, एवढं लिहू नको. तो सुजय कोण, कुठला, हे मले विचारू नको, तिले विचार.

भाऊजी गुडघ्यानं हैराण आहेत. महाशिवरात्रीच्या आत कळव, तोवर माह्या जिवाले चैन नाही.

तुही,
ताई


पुणे
२८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र मिळालं. चार पानं आणि एकही खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग उतरवलंत. वाचून इतका राग आला की दोन दिवस थांबले. आत्यानं तुम्हाला झापलं, ते वाचून मात्र बरं वाटलं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. माझं व्हॉट्सअ‍ॅप कुठे कुठे उघडं आहे, त्याची यादी माझ्या फोनमध्ये दिसते. दिवाळीपासून त्यात आपला कॉम्प्युटर होता, रोज सकाळी नऊला चालू. मला माहीत होतं, बाबा. मीच बंद केला नाही. फोनवर तुम्ही जेवलीस का विचारता, थंडी आहे का विचारता, और बस, ठेवून देता. आई गेल्यापासून आपल्याला बोलताच येत नाही. वाटलं, वाचू देत. डिसेंबरात माझा ताप उतरला, ते मी मैत्रिणीला, ऐश्वर्याला, दोनदा लिहिलं होतं. दुसऱ्यांदा ते तुमच्यासाठी होतं.

सुजयचंही तुम्हाला दिसत असेल, हे कळत होतं. वाटायचं, एक दिवस आठच्या फोनवर तुम्ही विचाराल, हा कोण. मी रोज वाट पाहिली. तुम्ही जेवणाचंच विचारलंत. मग ठरवलं, होळीला येऊन समोर बसून सांगायचं. त्या दुपारी त्याला हेच कसं लिहू, या विचारात होते, आणि माझ्याच नावाखाली ते वाक्य आलं. मीटिंगमध्ये बसले होते, तिथूनच फोनवरून आपला कॉम्प्युटर बंद केला. सुजयनं लगेच ओळखलं. म्हणाला, ही विनंती असं तू कधी लिहिणार नाहीस, काकांना नमस्कार सांग. तो हसला. मला अजून हसू येत नाही.

उघडं ठेवलं, ही माझी चूक. तुम्ही वाचत होता आणि मी वाचू देत होते, त्यालाच आपण बोलणं समजलो. कॉम्प्युटर आता पुन्हा जोडणार नाही. आठचा फोनही काही दिवस नको. होळीला येते आहे, एकटी. तोवर जे जाणून घ्यायचं ते मला विचारा. सुजय कोण, काय करतो, तेही विचारा. मी सगळं सांगेन.

लोभ तसाच आहे, फक्त दुखावला आहे. उत्तर लिहा, आणि या वेळी खाली सही तुमची करा.

अनुजा