फेरीबोटीवरचा गोंगाट

सोमवार, ४ नोव्हेंबर
आजही तेच! स्फाक्सच्या धक्क्यावर माझ्या नव्या रिसीव्हरला जागा सांगणारे सगळे उपग्रह स्वच्छ ऐकू येत होते, केर्केना बेटाच्या वाटेला लागलो आणि एकेक गायब. पडद्यावर आमची फेरीबोट चक्क जमिनीवर! कप्तान मुनीर म्हणाले, "पोरी, तुझ्या लॅपटॉपला बोट लागली!"
हसतात. पण धुक्यात भरवसा याच पडद्यावर — आणि दोन्ही अंगांना उथळ पाणी.

बुधवार, ६
उपग्रहांना बुडवणारा हा गोंगाट एकाच सुराचा असता तर प्रोग्रॅमने तेवढा छाटला असता. हा सारखा वर-खाली धावतो. त्याच्या मागे धावायला शिकवतेय. अजून धापाच टाकतोय.

गुरुवार, ७
आज गोंगाटच नाही!! का?

सोमवार, ११
सापडला. बोटीवरच होता! अँटेना हातात धरून खालच्या डेकवरच्या गाड्यांमधून फिरले. मासळीची पांढरी गाडी, गुरुवारी नव्हती ती; ड्रायव्हर लमजेद. सिगारेट-लायटरच्या खाचेत बोटभर यंत्र. मालक फोनवर गाडी कुठे आहे ते बघतो. हे लावलं की गाडी दिसत नाही.
"बेकायदा आहे हे!"
"माहितीये, ताई. लेक आईबरोबर बेटावर राहते. शाळा सुटताना जरा भेटतो. गाडी थांबलेली दिसली की मालक पगार कापतो."
कप्तान भडकले — "आणि माझी बोट रुतली म्हणजे?"
लमजेदला हे ठाऊकच नव्हतं. चेहरा पडला. यंत्र उपटून माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. तुमचं काम होईपर्यंत नाही भेटत तिला."

शुक्रवार, १५
गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून यंत्र पत्र्याच्या बंद पेटीत, तार थेट रिसीव्हरला. प्रोग्रॅमने सूर पकडला, सोडलाच नाही! तेवढाच छाटला, उपग्रह शाबूत.

सोमवार, १८
लमजेदला यंत्र परत दिलं. देऊ नये हे कळत होतं. बोटीवर लावणार नाही म्हणाला.

बुधवार, २०
दाट धुकं. निम्म्या वाटेत गोंगाट! धावत खाली गेले. लमजेदचं यंत्र बंद. दुसऱ्याच कुणाकडे असणार — असे किती आहेत? वर आले तर पडद्यावरची बोट वाटेतच, नीट. केर्केनाला लागल्यावर कप्तानांनी स्वतः कॉफी आणून दिली.

सोमवार, २५
लमजेदच्या मालकाचा आमच्या साहेबांना फोन. गोंगाटातही चालणारा असला रिसीव्हर त्यांना सगळ्या गाड्यांत हवाय. साहेब हो म्हणून बसले! म्हणजे यंत्र लावलं तरी गाडी दिसणार.
लमजेदला मीच सांगितलं. म्हणाला, "बरं झालं, ताई, आधी कळलं. नाहीतर पोरगी शाळेच्या फाटकाशी वाट बघत उभी राहिली असती."