निळी होडी पुन्हा निघाली

भाईंदर पश्चिम,
नोव्हेंबर २००६

ती. बाबा,

तुमच्या ‘निळी होडी’ मालिकेची नवी आवृत्ती निघाली, म्हणून काल मीरा रोडला वाचकांनी सोहळा केला. तब्येतीचं सांगून तुम्ही आला नाहीत. मग शेवटचं पान मला वाचायला लावलं. त्यात निमीचे बाबा वादळातून होडी वल्हवत तिला न्यायला येतात. काहीजण रडले.

एक बाई म्हणाल्या, “किती नशीबवान गं तू! असे बाबा मिळाले.”

मी तिसरीत असताना तुम्ही पुण्यात दुसरा संसार थाटलात, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांची लेक पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे बघत होती.

“हो ना, रोज गोष्ट सांगायचे,” मी म्हटलं.

तुमची अब्रू यापुढे तुम्हीच सांभाळा.

आईची मुलगी,
ममता