भिंतीतली जाळी आणि आईचं पित्त

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग वगैरे आज नको, कारण मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. युनिव्हर्सिटीत असताना मी फोनवर इंग्लिशमध्ये आदळआपट करायला लागले की तुम्ही म्हणायचात, "भांडायचं असेल तर मराठीत भांड, आणि लिहून पाठव. निम्मा राग शुद्धलेखनात जातो." म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज सकाळी गॅसवाला येऊन गेला, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी कार्डिफलाच आहे, आईजवळ. आठवड्याची रजा टाकली, स्टॅनमोरचं घर नवऱ्यावर सोपवलं आणि आले. आईचा एकटीचा हा पहिला हिवाळा. बॉयलर, खिडक्या आणि फ्रंटरूममधली तुमची लाडकी गॅस फायर, म्हणजे ती खोट्या कोळशांची शेकोटी, थंडी पडायच्या आत सगळं एकदा तपासून घ्यावं म्हटलं. सेंट्रल हीटिंग चालू असलं तरी आई पाचच्या सुमाराला ती फायर लावणार आणि समोर खुर्ची ओढून बसणार. गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, "परत पित्त सुरू झालंय गं. डोकं नुसतं ठणकतंय." मी म्हटलं, आलं-लिंबू घे. तुमचीच मुलगी ना!

गॅसवाल्याचं नाव ग्लिन. साठीला आलेला, शांत माणूस. आधी सगळी दारं-खिडक्या लावायला सांगितली, फायर पेटवली, थोडा वेळ थांबला आणि मग धूर सोडणारी एक काडी पेटवून फायरच्या वरच्या कडेशी धरली. धूर चिमणीत वर ओढला जायला हवा. तो गेला नाही. आरामात बाहेर आला आणि आमच्या दोघांच्या तोंडावर पसरला. ग्लिनने फायर बंद केली आणि खोलीत काहीतरी शोधायला लागला. "व्हेंट कुठाय, लव्ह?" त्याने विचारलं. मला आठवत होतं, हवेची जाळी बाहेरच्या भिंतीत, सोफ्यामागे, खाली. आम्ही दोघांनी सोफा ओढला.

तिथे काय होतं सांगू? जाळीवर हापूसच्या पेटीचा पुठ्ठा, चारी कडा मोजून कापलेला, वर ब्राऊन टेप. पुठ्ठ्याच्या मागे तुमची दोन गरम बनियनं, घट्ट घडी घालून कोंबलेली. हवा यायला सुईएवढीही फट नाही. ग्लिनने ती बनियनं माझ्या हातात दिली आणि विचारलं, "घरात कुणाचं डोकं दुखतं का? मळमळतं? बाहेर गेलं की बरं वाटतं?"

बाबा, तिन्ही प्रश्नांचं उत्तर हो होतं.

चार हिवाळे. तुमची बायपास झाली त्या वर्षापासून आईचं पित्त सुरू झालं, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ऑक्टोबर लागला की डोकं, मळमळ, गळून जाणं. मार्चअखेर कमी. पुण्याला गेली की आठ दिवसांत टुणटुणीत. तुमचं निदान ठरलेलं: "तुझा पिंडच पित्ताचा. त्यात तू विचार फार करतेस." मोरावळा झाला, सूतशेखर झालं, रात्रीचा भात बंद झाला, सासरहून आलेल्या काळज्या मोजून झाल्या. डॉक्टरकडे जा म्हटलं की आई म्हणायची, "एवढ्याशा पित्तासाठी जीपीचा वेळ कशाला घ्यायचा?" बिचारी स्वतःच्या स्वभावाला दोष देत राहिली, आणि विष समोर शोभेच्या निखाऱ्यांमधून येत होतं. कार्बन मोनॉक्साइड. वासही नाही, रंगही नाही. इथल्या कुठल्याही माणसाने हिवाळ्यात डोकं दुखतं म्हटल्यावर एकदा तरी गॅसवाल्याला बोलावलं असतं. आपल्याकडे पित्त हे एकच उत्तर! तेही आपण सगळ्यांनी मिळून दिलेलं, मीही त्यात आहे.

पण जाळी बुजवणं? ते तुमच्याकडून कसं झालं, हेच मला कळत नाही. फायर बसवली त्या दिवशी मी घरीच होते. तेव्हाच्या फिटरने तीन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. ही जाळी कधीही झाकायची नाही. चिमणी आणि फायर दरवर्षी तपासून घ्यायची. आणि हे खोटे कोळसे पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच मांडायचे, एकही इकडचा तिकडे नाही. तुम्ही विद्यार्थ्यासारखी मान डोलवलीत, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवलंत. पोलादाच्या कारखान्यात आख्खी हयात मेंटेनन्स बघितलात. तिथे तुमच्या सहीशिवाय कुणी व्हॉल्व्हला हात लावला तर तुम्ही त्याला घरी पाठवायचात. आणि स्वतःच्या घरात?

रिटायर झालात आणि आपला हात जगन्नाथ. "दरवर्षी माणूस कशाला? मी काय सुतार आहे?" दर सप्टेंबरला जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, कोळसे काढायचे, ब्रशने झाडायचे, हूवरने धूळ ओढून घ्यायची आणि परत मांडायचे. चित्राप्रमाणे नाही, तुम्हाला आवडतील तसे. "बघ, आता कशी खरी शेकोटी वाटते." ज्वाळा उंच, पिवळ्याधमक. मागच्या विटांवर काजळी धरत होती, तीही तुम्ही पुसून टाकायचात! ग्लिनने ते कोळसे बघितले आणि नुसतं डोकं हलवलं. मधोमध हवेला जागाच नव्हती म्हणाला. चिमणीतून पक्ष्याचं अर्धं घरटंही निघालं. घराण्यातले एकमेव इंजिनिअर तुम्ही, आणि चिमणीत वर कोण बघणार होतं?

आणि तो विषारी वायू ओळखणारा अलार्म. मी मुद्दाम आणून दिला होता, फायरच्या खोलीत लावायला. तुम्ही तो माळ्यावर जाणाऱ्या जिन्याशी लावलात, कारण फ्रंटरूममध्ये "दिसायला बरा दिसत नाही". आज उघडून बघितला तर आत बॅटऱ्याच नाहीत. कुठे असतील ते कुणाला विचारावं लागलं नाही. टीव्हीच्या रिमोटमध्ये होत्या. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

सर्वांत जास्त राग कशाचा आहे, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तुमची छाती गेल्या हिवाळ्यात संध्याकाळीच का भरून यायची? सकाळी तुम्ही पार्कला दोन फेऱ्या मारून यायचात आणि सहा वाजता त्या खुर्चीत बसून छाती चोळायचात. मी दुपारी आईच्या जीपीला फोन केला. त्या म्हणाल्या, आता कुणालाही सांगता येणार नाही. हृदय आधीच अधू होतं. पण अशा हवेने अधू हृदयाला मदत नक्कीच होत नाही. एवढंच. म्हणजे तुम्ही आईला चार वर्षं आजारी पाडलंत आणि कदाचित स्वतःलाही. गार वारं लागतं म्हणून! सरळ स्वेटर घालता येत नव्हता?

आईला यातलं काही माहीत नाही. ग्लिन आला तेव्हा ती देवळात गेली होती. परत आली तर फायरला "वापरू नका" असं लेबल लावलेलं आणि तिचा गॅस तोडलेला. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाहीये. "त्यांच्या हाताची सेटिंग होती. चांगली चालत होती. तू आलीस आणि बंद पाडलीस." मी ऐकून घेतलं. पण आज संध्याकाळी मी तिला सगळं सांगणार आहे, बाबा. तिचा पिंड पित्ताचा नाही, ती फार विचार करत नाही, तिला काहीही झालेलं नव्हतं, हे तिला कळलंच पाहिजे. तुमच्याबद्दल तिला वाईट वाटलं तर वाटू दे.

इथपर्यंत दुपारी लिहिलं. पुढचं आता, जेवणं झाल्यावर लिहिते आहे.

पाच वाजता आई चहा घेऊन आली. बंद फायरकडे बघून पुटपुटली आणि बसली. मी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. "आई, ती सोफ्यामागची जाळी आहे ना, ती बाबांनी बुजवून टाकली होती."

"ते कशाला बुजवतील? मी बुजवली."

"तू? कधी?"

"बायपास करून घरी आणलं तेव्हा," ती म्हणाली. "तिथून अशी गार झुळूक यायची, बरोबर त्यांच्या खुर्चीवर. छातीवर टाके होते गं त्यांच्या. रात्रभर खोकायचे. ते म्हणाले असते, नियम आहे, हात लावू नकोस. म्हणून मी ते फिजिओला गेले होते तेव्हा सोफा ओढला. पट्टीने मापं घेतली, नीट पुठ्ठा कापला. तुला काय वाटतं, मला येत नाही? त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही." आणि मग, बाबा, ती हसली. तुम्ही गेल्यापासून अशी हसलेली मी पाहिली नव्हती. "उलट म्हणाले, बघ, मी कोळसे नीट मांडल्यापासून खोली कशी ऊबदार राहते. मी म्हटलं, हो, तुमचाच हात."

तिचा चहा गार होत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. "का गं? त्यानं काही झालं का?"

सगळी दुपार मी जे सांगायचं म्हणून घोकलं होतं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. तिचं डोकं, तिची मळमळ. पण त्याच्या मागोमाग तुमची छाती आली असती. संध्याकाळच्या त्या खुर्चीत तुम्ही छाती चोळत बसायचात आणि समोर तिने तुमच्यासाठी ऊबदार केलेली खोली. ती शहाणी आहे. दोन मिनिटांत हिशेब जुळवला असता, आणि उरलेलं आयुष्य त्याच्याखाली काढलं असतं.

"जाळीचं काही नाही," मी म्हटलं. "जाळी असते हवेला, नियम म्हणून. ग्लिनने काढून टाकलं ते. खरा घोळ बाबांनी केला. कोळसे वाट्टेल तसे मांडले, चार वर्षं माणूस बोलावला नाही, चिमणीत घरटं झालं. तुझं डोकं दुखायचं ते त्याने."

तिने बंद फायरकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे पित्त नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मला मोरावळा चारत होते." तिने कप खाली ठेवला आणि तुमच्या फोटोकडे वळली. "दर सप्टेंबरला सांगायचे मी, माणूस बोलवा म्हणून. ऐकलंत का कधी? इंजिनिअर म्हणे!" तुम्हाला ती अजून अर्धा तास बोलत होती, बाबा. स्वयंपाकघरातही. कणीक मळताना. मला वाटलं रडेल, पण नाही. झकास जेवली.

अगदीच खोटं नाही बोलले मी. कोळसे तुमचेच होते. घरटंही तुमच्याच दुर्लक्षाचं. पण जाळीचाही दोष मी तुमच्यावर घातला आहे, आणि दुपारभर घातलेल्या शिव्या, अर्ध्या तरी, चुकीच्या पत्त्यावर गेल्या. त्याबद्दल माफी मागते. आणि तरी तो दोष मी परत घेणार नाही.

तुम्हाला वचन देते. पुढच्या आठवड्यात ग्लिन येऊन ही फायर काढून नवीन बसवेल. पुढून काचेने पूर्ण बंद असते ती. तिला हवा बाहेरून मिळते आणि धूरही थेट बाहेरच जातो. अलार्म त्याच खोलीत लागेल, दिसायला कसाही दिसला तरी, आणि त्याच्या बॅटऱ्या दर महिन्याला फोनवर मी स्वतः विचारेन. दर सप्टेंबरला ग्लिन येईल, मीही येईन. आणि आईने कधी पुन्हा विचारलं, "खरंच जाळीने काही झालं नाही ना?", तर मी दर वेळी सांगेन की नाही, सगळं बाबांनी केलं. ती तुमच्यावर चिडली तर चिडू दे. तुमच्यावर चिडून ती जगेल. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच सांगितलं असतंत, आणि माझ्याआधी.

तुमची,
मंजू