पालथा नान आणि सुलटलेला वर्ग

मार्गिलान

आदरणीय झुल्हुमार ओपा,

घरच्या सगळ्यांना सलाम. तुमचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, गुडघे कसे आहेत? तंदूर नीट तापतो ना? शेजारीण अजून तशीच बोलते, की अल्लाने तुमचं ऐकलं? (हे मनापासून विचारतो आहे. व्हिडिओत हल्ली विचारता येत नाही, तेच रडगाणं सांगायला बसलो आहे.)

आपल्या भाषेतले माझे गणिताचे धडे बरे चालले होते. मग व्हिडिओवाल्यांनी आपला अल्गोरिदम पुन्हा बदलला (कोणता धडा कुणाला दाखवायचा हे ठरवणारं गणित, गणिताचा मास्तर असून मला ते कळत नाही) आणि माझे धडे कुणाला दिसेनासेच झाले. लोक म्हणे सुरुवातीलाच पळतात. तुमची भावजय मावलुदा म्हणाली, "पळतील नाही तर काय! अपूर्णांक यायच्या आधी तुम्ही अख्ख्या फरगान्याच्या गुराढोरांची खुशाली विचारता." मी सलाम छाटला. फार जिवावर आलं, ओपा. तरी कुणी फिरकेना. डोंगरातल्या गावांत शिकवायला कुणी नाही, त्या पोरांना हाच काय तो वर्ग. तो बंद करायचा ठरवून मी शेवटचा धडा केला.

त्यात नान घेऊन पाव-अर्धा समजावत होतो. वरच्या नक्षीत रेघा दिसेनात, म्हणून घाईघाईत नान पालथा घातला आणि मागे पिठाने रेघा ओढल्या. झालं! आपल्याकडे पालथा नान म्हणजे अन्नाचा केवढा अपमान! "मास्तर, आधी नान सुलटा करा, मग तोंड उघडा!" "याला आईबाप होते की नाही?" सगळा मुलूख शिव्या द्यायला धावला. त्या अल्गोरिदमला शिवी काय नि शाबासकी काय, सारखीच. त्याने धडा घरोघर पोचवला. परवा डोंगरातल्या एका मुलीने लिहिलं, "मास्तर, तुम्ही नान सुलटा करेपर्यंत आजीने फोन सोडला नाही. तिला राग आला, मला अपूर्णांक आले." मी रडलो, लपवत नाही. वर्ग चालू राहणार.

तुमचा धाकटा भाऊ,
नेमतिल्ला

ता. क. "याला लहानपणीच तंदुरात का नाही चिकटवला" ही शिवी तुमच्याच खात्यावरून आली आहे. कृपा करून पुसू नका, सगळ्यांत जास्त भांडणं तिच्याखालीच लागली आहेत.

ता. ता. क. पुढचा धडा घनफळाचा. शुक्रवारी दाजींना इकडे पाठवा. मी त्यांना पियाला काठोकाठ भरून चहा देणार आहे, म्हणजे आपल्या रिवाजात पाहुण्याला सरळ 'उठा, निघा आता'. त्यांना आधी काही सांगू नका. राग खरा दिसला पाहिजे.