अहो म्हणजे कोण?

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मला पुरलं. खरंच! सिमेंटच्या पाइपात झोपवलं, तोंडाशी फळी लावली आणि वर तुटक्या स्लॅबचे तुकडे रचले.

रबाळ्याला अग्निशमनवाल्यांचं सरावाचं मैदान आहे, तिथे मी झाडू मारते. सरकारी प्रयोगशाळेतून अस्मिता मॅडम एक पेटी घेऊन आल्यात. ढिगाऱ्यावर ठेवायची. खाली कोणाची छाती वरखाली होत असली तर पेटीला कळतं म्हणे. आतापर्यंत जवानांनाच झोपवत होते. आज म्हणाल्या, बाई पाहिजे, लहान अंगाची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, बघता काय, झोपते! झाडण्यापेक्षा बरं.

वीस मिनिटं पडून होते. पेटी म्हणाली, खाली कोणी नाही!

घरी ह्यांना सांगितलं नाही. ढिगारा हा शब्द आमच्या घरात नऊ वर्षं कोणी काढत नाही.

४ नोव्हेंबर

परत तेच. पेटीला मी दिसत नाही.

मॅडम म्हणाल्या, "काकू, श्वास नीट घेत होता ना?"

"दबलेला माणूस नीट श्वास घेतो काय? चोरून चोरून घेतो. तुमचे जवान आत जाऊन घोरतात. त्यांना माहीत असतं, वर चहा ठेवलाय."

शिवतेज म्हणून एक जवान आहे, रेड्याएवढा. म्हणाला, "मी नाही घोरत हां काकू."

"मग काल पाइपात रिक्षा चालू होती काय?"

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. वहीत लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, चोरून घेतो ते?"

मी झाडू उचलला आणि निघाले.

६ नोव्हेंबर

कोणाला सांगायचं नाही तर इथे तरी लिहून टाकते.

हे गवंडीकाम करायचे. नऊ वर्षांपूर्वी सकाळी दहाला कामावरचा स्लॅब खाली आला. खाली अकरा माणसं. मी कोपरखैरण्याहून तशीच गेले, पायात चप्पलसुद्धा नाही. आम्हा बायांना दोरीच्या अलीकडे उभं केलं. लाल हेल्मेटवाला म्हणाला — एकेकीने पुढे या, आपल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारा, मग सगळे गप्प. आतून कोणी ठोकतं का ऐकू.

बायांनी नावं घेतली. रडत घेतली, पण घेतली. माझी पाळी आली. नाव तोंडातून निघेना! लग्नाला अठरा वर्षं झालेली, एकदाही घेतलं नव्हतं. आईने तिच्या नवऱ्याचं घेतलं नाही, सासूने नाही. तोंड उघडलं आणि बाहेर आलं — अहो! परत ओरडले — अहो!

"मावशी, अहो म्हणजे कोण? आत अकरा जण आहेत! नाव घ्या!"

"उन्नतीचे बाबा," मी म्हटलं. पोरीचं नाव सांगत बसले, मूर्ख.

त्याने हात केला, पुढची बाई आली. तिने हाक मारली आणि आतून आवाज आला — टक, टक! नशीबवान, मनात म्हटलं. खणायला तिथूनच घेतलं. आम्हाला मागे सारलं, पुढचं काही दिसलं नाही. तिचा माणूस नंतर भलत्याच टोकाला सापडला. कसं काय, कोणाला माहीत.

ह्यांना संध्याकाळी सातला काढलं. जिवंत. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी निघाले असते तर पाय वाचला असता.

ते दोन तास माझे. नाव घेतलं असतं तर ह्यांना कळलं असतं, ह्यांनी ठोकलं असतं.

कधी विचारलं नाही. हो म्हणाले तर?

७ नोव्हेंबर

माझे पाय सुजलेत. ह्यांनी पाणी कोमट करून, मीठ टाकून, पातेलं पुढ्यात आणून ठेवलं. एका काखेत कुबडी, अर्धं पाणी लादीवर. मी ओरडले, लादी कोण पुसणार!

"तूच. पायांची सूज उतरली की."

मग बुडवले पाय.

१० नोव्हेंबर

सापडले! तीन मिनिटांत! मॅडमनी पेटीच्या आत काहीतरी बदललं, आता चोरटा श्वासपण पकडते. शिवतेजने मला पाइपातून असं बाहेर ओढलं की कोपर सोललं.

पण मॅडमचा चेहरा उतरलेलाच. गुरुवारी मोठे साहेब येणार. वर माणसं ओरडत असताना पेटी चालते का, ते बघणार. चालली तर गाड्यांवर चढणार, नाही तर परत प्रयोगशाळेच्या कपाटात.

१२ नोव्हेंबर

सकाळी ह्यांनी विचारलं, "केसात सिमेंट कुठून येतं गं?" म्हटलं, झाडते ना. खोटं बोलले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शिवतेज खाली. जवान दोरीमागे उभे राहून ओरडायला लागले, क्रिकेट बघितल्यासारखे. एकजण तर शिट्टी मारत होता! मी जाऊन म्हटलं, "असं ओरडतात काय? आपलं माणूस आहे खाली."

मॅडम म्हणाल्या, "काकू, मग तुम्ही ओरडा. नाव घेऊन. कोणाचंही."

मी दोरीपाशी गेले. डोळे मिटले. आणि ओरडले. ह्यांचं नाव! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. एकदा, दोनदा, मग थांबेचना. जवान गप्प झाले. मॅडमनी खूण केली, तुम्हीपण चालू ठेवा, गप्प राहू नका. मग सगळेच माझ्या नवऱ्याच्या नावाने ओरडायला लागले!

चाळीस सेकंद. पेटीला शिवतेज सापडला. साहेबांनी कागदावर सही केली.

मी तिथेच खाली बसले. म्हणजे पेटीला नाव लागतच नाही. बाई लाजो, मुकी होवो, काय फरक नाही. आता कोणाच्या बायकोमुळे कोणाचा पाय जायला नको. मॅडम येऊन शेजारी मातीत बसल्या, चांगल्या कपड्यात. पोर चांगली आहे.

नाव इथे लिहीत नाही. तोंडातून गेलं तेवढं पुरे.

१४ नोव्हेंबर

सांगितलं ह्यांना. पेटी, पाइप, नाव, दोन तास. एका दमात, भांडल्यासारखं.

हे कोणाचा तरी मिक्सर खोलून बसले होते. स्क्रू वाटीत ठेवला. म्हणाले, "आत सगळ्यांच्या हाका ऐकू येत होत्या. सगळी दुसऱ्यांची नावं. वाटलं, आपलं कोणी आलं नाही. डोळे मिटत होते. मग आलं — अहो! गॅस संपल्यावर म्हणतेस तसंच, चिडून. म्हटलं, आली! हात सोडवायला वेळ लागला, तोवर दुसरी कोणी हाक मारत होती. ते ठोकणं माझं होतं. खणत माझ्याकडेच आले. खणायलाच दिवस गेला, त्याला तू काय करणार?"

"आणि नाव घेतलं असतं तर?"

"शहाजी म्हणून मला मुकादम हाक मारायचा. वाटलं असतं, कामाला बोलावतोय. गप पडून राहिलो असतो."

"नऊ वर्षं बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी?"

गॅस संपलाय. हाक मारते.